सत्तर टक्क्यांचे सासरे

डॉक्टरीणबाईंनी जावयाला बाजूला घेऊन बजावलं होतं, की सासऱ्यांना ज्या रक्तवाहिनीमुळे हृदयाचा झटका आला ती उघडली आहे, पण शेजारचीही सत्तर टक्के अरुंद दिसते. ती खरंच तेवढी वाईट निघाली तर छाती उघडून ऑपरेशन. एवढ्यात पेशंटला मात्र सांगू नका. जावई गुणाचा. त्यानं तडक बायकोला फोन लावून सगळं साग्रसंगीत सांगितलं, तेही नेमकं सासऱ्यांच्या खाटेच्या पडद्याला पाठ लावून. तिला नीट ऐकू जावं म्हणून जरा मोठ्यानंच.

पडद्याआडून सासऱ्यांनी एवढंच विचारलं, की छाती फाडायचा दिवस ठरलाय, का तेही फोनवरच कळेल?

सासरे जुन्या फर्निचरचे व्यापारी. कपाटाला हात न लावता, लांबूनच भाव करणारे. मोजायची टेप घेऊन आलेलं गिऱ्हाईक दिसलं, की चहात माशी पडल्यासारखा चेहरा करायचे. ज्याला नजर नाही त्याला टेप लागते, असं त्यांचं म्हणणं. माणसांनाही हाच न्याय. लेकीनं पहिल्यांदा जावयाला घरी आणलं, तेव्हा तो दारात बूट काढत असतानाच निकाल लागला होता: प्लायवूड, वरून सागवानी कागद. लेकीनं ऐकलं नाही. लग्न झालं, नातवंडं झाली, निकाल कायम.

काही आठवड्यांनी ते पुन्हा हॉस्पिटलात आले, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी समजावलं. अँजिओग्राफीच्या फिल्मवर दिसले ते सत्तर टक्के म्हणजे नुसता नजरेचा अंदाज. आता बारीक तार आत नेऊन अडथळ्याच्या अलीकडचा नि पलीकडचा दाब मोजायचा. फारसा फरक नसेल तर रक्त पुरेसं पोचतंय, छातीला हात लावायचं कारण नाही.

सासऱ्यांनी बाईंकडे टेपवाल्या गिऱ्हाइकाकडे बघावं तसं बघितलं. पंचाईत मोठी होती. नजर खरी मानावी तर छाती फाटणार, मोजमाप मानावं तर जन्मभराचा तोरा. चादरीची किनार त्यांनी पार चुरगाळून टाकली. मग म्हणाले, "करा. तुमची हौस आहे तर."

ट्रॉली आत जाताना त्यांनी जावयाचं मनगट धरलं होतं, ते नर्सनं सोडवलं.

अडथळ्यापलीकडे दाब जेमतेम घसरला होता. गोळ्या चालू ठेवा, बाकी काही नको, असं सांगून बाई गेल्या. जावयाचे डोळे भरून आले. सासरे मात्र छताकडे बघत म्हणत होते, की नजरेत खोट नाही, बाईंचीच नजर कच्ची. दुकानात महिनाभर बसवली असती तर सुधारली असती. जावयाचं मनगट पुन्हा पकडलेलंच होतं.

त्या पकडीनं जावयाला धीर आला. "मामा, नजर चुकते हो कधी कधी. माझंही एकदा नीट मोजून बघा की."

"तार घालून मोजलं तरी, जावईबापू, प्लायवूड ते प्लायवूडच."