'येतो' न म्हणणारे भावजी

जगात काळजी करण्यासारख्या जेवढ्या गोष्टी आहेत, त्यांहून एक जास्त माझ्या धाकट्या दिरांना ठाऊक असते. ही जास्तीची कुठली, ते त्यांनाही सांगता येत नाही, आणि खरी काळजी तिचीच. माणूस गणिताचा. कॉलेजात शिकवतात आणि उरलेला वेळ पाठीमागे हात बांधून येरझाऱ्या घालतात. आमचे हे गेल्यापासून होटगी रस्त्यावरच्या घरात आम्ही दोघंच, मी खाली आणि ते वर. वरचा चपलांचा आवाज थांबला की मी समजते, काहीतरी सुचलं. पुन्हा सुरू झाला की समजते, चुकलं.

त्यांच्या विषयात म्हणे सुरुवातीला इवलासा फरक पडला की पुढं त्याचा डोंगर होतो. बाकीचे गणितवाले हे फळ्यावर ठेवून घरी येत असतील, आमचे भावजी सोबत घेऊन येतात. त्यामुळं चहात साखर थोडी घालू का, असं विचारायची सोय नाही. "थोडी म्हणजे किती, वहिनी?" कॉलेजला जायचं ते रोज एकाच वाटेनं, सात रस्ता चौकावरून. एकदा तिथं पाइपलाइनसाठी खणून ठेवलं होतं, तर हा माणूस घरी परत. म्हटलं, काय झालं? तर म्हणे, "दुसरा रस्ता धरायचा, त्याला पुढं फाटे, त्या फाट्यांना आणखी फाटे. सगळे तपासून निघायचं तर तास संपून जातो." मग मीच रिक्षात बसवून दिलं. रिक्षावाल्यानं काही न तपासता पोचवलं.

लग्नाचंही असंच झालं. मुलगी बघायला गेलो होतो. मुलीच्या मामांनी कौतुकानं विचारलं, संशोधन कशावर करता? भावजी म्हणाले, "एखादी गोष्ट पुढं कुठं जाणार, हे आधी सांगता येतं का, यावर." मामा म्हणाले, "येतं का मग?" "नाही." "मग संपलं की." "संपलं कुठं? 'नाही' हे सिद्ध व्हायचंय अजून." मामांनी पोह्यांची बशी खाली ठेवली, ती पुन्हा उचलली नाही.

आणि आमच्या गल्लीत पाणी. चार दिवसांनी येईल, नाहीतर पाच. समोरच्या मावशींनी एकदा त्यांना फाटकातच धरलं. "सर, तुमी एवढं गणित शिकलाय, पानी कवा येनार तेवढं सांगा की." दुसरा कुणी हसून पुढं गेला असता. हे आठवडाभर विचार करून मावशींच्या दारात गेले आणि म्हणाले, "पाणी येईल. पण कधी, ते आल्याशिवाय सांगता येणार नाही." मावशी म्हणाल्या, "व्हय, एवढं तर आमालाबी ठावं हाय की. पर तुमी सांगितलं, आता लई बरं वाटलं."

माझं शिक्षण सातवीपर्यंतचं, पुढचं वाचनालयात बसून केलेलं. तरी एकदा मी हट्टच धरला, की वीस वर्षं वर काय चाललंय ते मला कळलं पाहिजे. मी कणीक मळत होते. त्यांनी ओव्याचे दोन दाणे गोळ्यावर शेजारी शेजारी ठेवले. "लाटा. घडी घाला. पुन्हा लाटा." दाणे आत गेले. थोड्या वेळानं बघते तर एक इकडच्या टोकाला, दुसरा भलतीकडंच. "आता वहिनी, हा पहिला दाणा आपल्या जागी परत येईल का?" म्हटलं, "मी काय सांगू? मळत राहायचं आणि बघायचं." त्यांचा चेहरा इतका उजळलेला मी कधी पाहिला नव्हता. "अगदी हेच. येतो. अगदी जागेवर नाही, पण जवळपास येतो. किती घड्यांनंतर, ते मात्र मळल्याशिवाय कळायचं नाही, त्याला आडवाट नाही. हेच सिद्ध करायचंय, सगळ्या कणकांसाठी." त्या दिवशीच्या पोळ्या इतक्या वातड झाल्या की मावशींच्या गाईनंसुद्धा विचार केला.

आता खोड सांगते ती सगळ्यांत मोठी. भावजी कुणाच्या घरून निघताना 'येतो' म्हणत नाहीत. 'जातो' म्हणतात. परत येऊ हे सिद्ध झालेलं नसताना कसं म्हणायचं? एका बारशाच्या घरून ते असेच 'जातो' म्हणून उठले. आपल्याकडं 'येतो' न म्हणता निघतात ते मयताच्या घरून. बाळाच्या आजीनं त्यांना जिन्यावरून परत बोलावलं, बसवलं, पुन्हा चहा पाजला आणि पुन्हा उठवलं. तेव्हा ते काहीच न बोलता निघाले, ही त्यांच्या बाजूनं तडजोड. सासूबाई अक्कलकोटकडच्या. त्या दारात उभ्या राहून कानडीत म्हणायच्या, "होगि बा." जाऊन ये. भावजी नुसती मान हलवायचे. शिकायला पहिल्यांदा घर सोडलं तेव्हा तर सासूबाईंनी दाराची कडीच काढली नाही. शेवटी भावजी म्हणाले, "शक्यता आहे, आई." तेवढ्यावर सुटका झाली. पुढं सासूबाई आजारी पडल्या, तेव्हा मोठ्या शहरातली मोठी जागा सोडून आले आणि इथंच राहिले. लोक म्हणाले, हुशारी वाया घालवली. सासूबाई म्हणाल्या, "मी बोलले होते ना, बा म्हणून."

मागच्या वर्षी ते कणकेचं एकदाचं सिद्ध झालं. छापायला पाठवलं. मग बंगळूरहून एका बाईंचं टपाल आलं, संगणकावर. बाई याच विषयातल्या जाणत्या. त्यांनी एवढंच विचारलं होतं, की मध्ये एका जागी तुम्ही जे धरून चाललात, ते सगळीकडं खरं आहे का? चपलांचा आवाज बंद पडला. ताट वर जाई, तसंच खाली येई. मी वर गेले तर भिंतीकडं बघत बसलेले. "वहिनी, बाईंचं खरं असेल तर वीस वर्षं गेली. निवृत्ती तोंडावर आलीय, पुन्हा कुठून सुरू करू?" म्हटलं, दुरुस्त नाही का होणार? म्हणाले, "ते करून बघितल्याशिवाय कळायचं नाही." स्वतःचंच वाक्य ऐकून त्यांनी भिंतीवरची नजर काढली. मी ताट पुढं सरकवलं.

बाईंनीच बोलावलं, दोन महिने या, मिळून बघू. तयारी मी केली, कडक भाकरी बांधली, शेंगाचटणी बांधली, पण माझाच जीव थाऱ्यावर नव्हता. मोडलं तर हा माणूस सावरायचा कसा? आणि जमलं तर ते लोक याला परत सोडतील का? निघताना त्यांच्या तळहातावर दही ठेवलं. दही बोटांतून गळायला लागलं. बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. सासूबाईंची जागा आता माझी, म्हणून म्हटलं, "होगि बा, भावजी. आज तरी येतो म्हणा." त्यांनी आधी दही चाटून संपवलं. मग म्हणाले, "जवळपास येतो."

परवा फोन आला. "वहिनी, टिकलं. पण एक शब्द घालावा लागला." म्हटलं, कुठला? "जवळजवळ. सगळ्यांसाठी नाही म्हणता येत, जवळजवळ सगळ्यांसाठी." आवाजावरून रडले होते की हसले होते, कळेना. "बाई म्हणतायत, आणखी वर्षभर राहा. मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही." मी म्हटलं, राहा की. त्यावर त्यांनी विचारलं, "पाणी येतंय का?"

"काल आलं."

"सांगून?"

"छे. न सांगताच."



वर चपला वाजत नाहीत. एका माणसाची कणीक ती केवढी, दोन मिनिटांत मळून होते. पण हल्ली मी जरा जास्तच मळते. पोळ्या वातड होतात. होऊ देत.