घोडीचा व्यायाम

खरवईच्या तबेल्यात आम्हा तिघा मालकांच्या पाच घोड्या एकत्र राहतात, सगळ्या लग्नाच्या वरातीतल्या. एकमेकींना लाथा मारू नयेत म्हणून सकाळी अंगणात एका वेळी एकच घोडी फिरवायची, हा नियम.

लग्नसराई संपली आणि आमची घोडी महाराणी जागची हलेना. मी वैतागून मोबाईलवर बँडचं गाणं लावलं. लगेच ऐटीत निघाली. पण आत बांधलेल्या चौघींनाही वाटलं, वरात निघाली. त्या खुंटे उपटून मागोमाग नाचत आल्या.

तेव्हापासून तबेल्यात मोबाईल बंद. आता रोज सकाळी मी तिच्यापुढे मुकाट्याने नाचतो, तेव्हा कुठे ती दहा फेऱ्या मारते. स्वतःच्या लग्नात मी पाऊलसुद्धा हलवलं नव्हतं, हे बायको रोज चहासोबत ऐकवते.