ताईचा दुसरा स्फटिक
त्या सकाळी ताई म्हणाली, गाडी तू चालव. मला तेव्हाच संशय यायला हवा होता. किल्लीला बोटही लावू न देणारी बाई ती! पण मी कसला शहाणा, गुपचूप चालवायला बसलो.

ताईने उभं आयुष्य एका प्रथिनाच्या मागे घालवलं. आमच्या बाबांचे हात सेहेचाळिसाव्या वर्षी थरथरायला लागले, ते त्याच्यामुळेच. शरीरात हे प्रथिन चुकीची घडी घालून बसतं आणि नसा झिजत जातात. घडी कुठे चुकते ते पाहायचं तर आधी त्याचा स्फटिक हवा, आणि हे महाशय बावीस वर्षं दाद देत नव्हते. आमच्याच घराण्यातलं ते, हट्टी असणारच.

सात वर्षांपूर्वी एकदा प्रथिनाच्या द्रावणाच्या थेंबात काहीतरी चमकलं. ताईने धावत येऊन बाबांना सांगितलं, "मिळाला." तिसऱ्या दिवशी बाबा गेले. पाचव्या दिवशी कळलं, तो साध्या मिठाचा खडा होता. तेव्हापासून तो शब्द तिने तोंडातून काढला नाही. मला तिचा रागच यायचा. अगं, बाबा समाधानाने गेले ना! पण तिला ते सलत राहिलं.

त्या दिवशी तिच्या प्रयोगशाळेत पुन्हा एकच स्फटिक होता, साखरेच्या दाण्याहून बारीक. नखाएवढ्याही नसलेल्या फासात तो उचलायचा, गोठवायचा आणि क्ष-किरणांपुढे धरायचा. फुटला की संपलं. ताईने फास थेंबाजवळ नेला आणि तिचा हात थरथरला.

मी म्हटलं, दुसऱ्या कुणाला तरी सांग.

"मग सगळ्यांना कळेल," ती हळूच म्हणाली.

तेव्हा कुठे सकाळची किल्ली माझ्या टाळक्यात शिरली. ताईला नुकतंच सेहेचाळिसावं लागलं होतं.

"मनगट धर," ती म्हणाली. मी दोन्ही हातांनी धरलं. इतका मी जन्मात कधी घाबरलो नव्हतो. फास बुडाला, वर आला. स्फटिक शाबूत होता.

क्ष-किरण स्फटिकातून गेले की पडद्यावर ठिपके उमटतात; मिठाचे मोजके आणि लांब लांब, प्रथिनाचे दाट, हे मला सात वर्षांपूर्वीच पाठ झालं होतं. पडद्यावर बारीक ठिपक्यांची नुसती दाटी उठली. मी ओरडणारच होतो.

ताई पडद्याकडे बघतच नव्हती. तिने माझा हात ओढून दिव्याखाली टेबलावर पालथा ठेवला आणि बराच वेळ बोटांकडे बघत राहिली.

"तुझा नाही थरथरत," ती म्हणाली, आणि बाबा गेल्यानंतर पहिल्यांदा माझ्यासमोर रडली.