आधी आलू सोला

जामच्या मामीकडे कोणी नव्या धंद्याचा सल्ला विचारायला गेलं, की ती त्याच्यापुढे उकडलेल्या आलूचं वाफाळतं घमेलं सरकवत असे. "आधी आलू सोला, मंग बोला." मग समोरचा मास्तर असो, तलाठी असो, नाहीतर घरचा जावई.

मामी म्हणजे माझ्या बायकोची, शोभाची मामी. मामा गेल्यावर जामच्या चौफुलीवरचं आलूबोंड्याचं हॉटेल ती एकटीच चालवत होती. नागपूर, चंद्रपूर, हैदराबाद, कुठलीही गाडी तिच्या कढईच्या वासाने थांबायची. माणूस पारखायची तिची रीत आलूतूनच निघालेली. "जो सालीसंग गर फेकते, त्याले धंदा नाई जमत. अन जो आलू थंड व्हायची वाट पाह्यते, त्याचं गिऱ्हाईक तवर नागपूरले पोचते." बोलणाऱ्याच्या तोंडाकडे ती बघतच नसे, नजर त्याच्या बोटांवर असे.

तिचा एक ठरलेला प्रश्न होता, "हा जोडधंदा हाय का तोडधंदा?" 'तोडधंदा' हा शब्द तिचा स्वतःचा. एका माळकरी घरातल्या मास्तरांना गच्चीवर कोंबड्या पाळायच्या होत्या. मामीने विचारलं, "तुमच्या मायले चालते का?" मास्तर म्हणाले, तिला हळूहळू समजावू. "मंग पहिले मायले समजावून या. जो घर जोडते तो जोडधंदा, जो तोडते तो तोडधंदा. कोंबड्या काय, कुठंबी राह्यतीन." मास्तर पुन्हा आले नाहीत. मला तेव्हा हे सगळं करमणुकीचं वाटायचं.

माझी पाळी आली ती नव्वदच्या दशकाच्या अखेरीस. मी सेवाग्रामला दवाखान्याच्या लॅबमध्ये होतो. दोन मुली वाढत होत्या आणि पगार होता तिथेच होता. काहीतरी जोडायला हवं, हे रोजचं बोलणं झालं होतं. अशात नागपूरचा एक टायवाला सर वर्ध्याच्या हॉलमध्ये दर रविवारी सभा घेऊ लागला. साबण, टॉनिक आणि पावडरींचा एक महागडा डबा विकत घ्यायचा, मग आपल्या 'खाली' माणसं लावायची, त्यांनी त्यांच्या खाली. सरांनी शंभर नावांची यादी आणायला सांगितली. "जे तुम्हाला नाही म्हणू शकणार नाहीत, अशांची नावं!" हे वाक्य ऐकताना मला काहीच टोचलं नाही. आज त्याची लाज वाटते.

शंभर नावं मी कुठून आणणार? मग मला आमच्या लग्नाच्या आमंत्रणांची यादी आठवली. शोभाच्या वडिलांनी, त्यांच्या शेवटच्या आजारपणाआधी, सुबक अक्षरात लिहिलेली. देवाच्या पत्रिकेनंतर पहिलं नाव मामा-मामींचं. ट्रंकेतून ती काढली तेव्हा स्वतःच्या हुशारीवर मी खूश होतो. डब्याच्या पैशांसाठी शोभाची पाटली सभेआधी वर्ध्याच्या सराफाकडे मोडायची ठरली होती.

रविवारी सहाच्या सभेत यादी आणि पैसे द्यायचे होते. पहिलं नाव मामीचं, म्हणून आम्ही दुपारीच जामला उतरलो. माझ्यापुढे घमेलं आलं. चटके सोसत मी आलू सोलू लागलो आणि सरांचं सगळं भाषण म्हणून दाखवलं. मामी ऐकत राहिली. मग म्हणाली, "जवाईबापू, ते यादी दाखवा बरं."

तिने पहिल्या नावावर बोट ठेवलं आणि बराच वेळ ते तिथेच राहिलं. तिला वाचायला वेळ लागायचा, पण अक्षर कोणाचं ते तिने लगेच ओळखलं होतं.

"काऊन रे," ती म्हणाली, "याहीले लग्नात जेवाले बलावलं होतं, का विकाले काढून राह्यला तू?"

लग्नाला बारा वर्षं झाली होती. तिने मला कधी अरेतुरे केलं नव्हतं. माझे कान तापले. "मामी, पोरींसाठीच करतोय मी. तुम्हाला बोंडे तळण्यापलीकडचं काय कळतं?" हे मी बोललो. शोभाने मान खाली घातली.

मामी चिडली नाही. यादीची घडी घालून तिने कनवटीला लावली. "हे माह्यापाशी राह्यते. आता एक सांग. दवाखान्यात दिवसभर लोक तुले काय विचारतात?"

"काय विचारणार? रिपोर्ट कधी मिळेल. आणि जेवण कुठे मिळेल."

"मंग?"

तेवढ्यात वर्ध्याची एसटी आली. यादी नाही तर नाही, पैसे तरी भरू, म्हणून मी तरातरा निघालो. पायरीवर चढून मागे पाहिलं. पाटली शोभाच्या पर्समध्ये होती आणि शोभा बाकावरून उठलीच नव्हती. तिने माझ्यापुढचं घमेलं स्वतःकडे ओढलं होतं आणि ती आलू सोलत होती. कंडक्टर ओरडला, "येता का जाता?" मी खाली उतरलो. बस गेली तेव्हा रडू येईल इतका राग आला होता मला.

सरांच्या हॉलला वर्षभरात कुलूप लागलं. माझ्या शेजारच्या टेबलावरचा मित्र त्या साखळीत शिरला होता. पुढे त्याचा सख्खा मेहुणाही त्याला बघून रस्ता बदलायचा. आमच्याकडे शोभाने रुग्णांच्या नातेवाइकांसाठी वरण-भात-भाजीचे डबे सुरू केले, आधी चार, मग चाळीस. मी सकाळी आलू सोलून कामावर जात असे. दोन्ही मुली त्या डब्यांवर शिकल्या.

रस्ता रुंद झाला, त्यात मामीचं हॉटेल गेलं. नंतर ती आमच्याच दवाखान्यात भरती झाली. शोभाच्या डब्यातला आलू चिमटून बघत म्हणाली, "गर नाई गेला." मग उशीखालून कागदाची घडी काढली. "घे. पोरीचं लग्न काढशीन तवा लागन." त्या दिवशीचं बोलणं माफ करा, असं म्हणायला मी तोंड उघडलं, तर ती म्हणाली, "येजो उद्या." दुसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा तिची खाट रिकामी होती.

मोठीच्या लग्नात ती यादी मी समोर ठेवली. जी माणसं उरली होती, त्यांतल्या एकाही घराने नाही म्हटलं नाही. देवाच्या पत्रिकेनंतरची पहिली पत्रिका मी मामीच्याच नावाने लिहिली. पत्ता काय घालायचा, असं शोभाने विचारलं. मी ती देवापाशीच ठेवली.