हेमचंद्रकाकांचं स्त्रीलिंग

पुंगोलच्या आमच्या ब्लॉकमध्ये हेमचंद्रकाकांचं एक राज्य होतं. ते म्हणजे त्यांच्या लेकीचं स्वयंपाकघर. शरयूकाकू गेल्यावर जाईने त्यांना पुण्याहून इथे परदेशात आणलं, आणि थोड्याच दिवसांत काकांनी मसाल्याचे डबे, कुकर आणि आयरिश जावई डेक्लनची जीभ ताब्यात घेतली. जाईला चहासुद्धा विचारून करावा लागे. शेजारी म्हणून हा माणूस मी रोज सोसतो.

त्यात डेक्लनची आई नोरा आयर्लंडहून राहायला येणार असं ठरलं. "त्याही स्वयंपाकात तरबेज आहेत, बाबा," जाई बोलून गेली आणि काकांनी ओळखलं, आता आपली गच्छंती! गोड बोलून हद्द आखून घ्यावी म्हणून ते फोनवर आयरिश शिकायला बसले.

नोराबाई आल्या त्या दिवशी मीही तिथेच होतो. काकांनी छाती पुढे काढून ओळख करून दिली, "इस बान्त्रख मे!" म्हणजे, मी विधुर.

बाई हसून हसून चपलांच्या कपाटावर टेकल्या. काकांनी आपण विधवा असल्याचं जाहीर केलं होतं.

"पुरुषासाठी पुढे 'फिर' लावतात," त्यांनी इंग्रजीत समजावलं. "बान्त्रख फिर. पुरुष-विधवा."

"मग तरी पुल्लिंगी होतो ना?"

"छे! शब्द स्त्रीलिंगीच राहतो. आधी 'अन' हे उपपद आलं की 'ब'चा 'व' होतो, बायकांच्या शब्दांसारखा. अन वान्त्रख."

"हा कुठला न्याय?" काका तडकले.

"अहो, मुळात तो शब्द रडण्याचा नाहीच. सुरुवातीचं 'बान' म्हणजे बाई, आणि पुढचा भाग म्हणजे घर-शेती चालवणारा. नवऱ्यामागे सगळं चालवते ती."

"मग तो मीच की!" काका एकदम बोलले. "इथलं स्वयंपाकघर मी चालवतो. ते घेऊ नका, विहीणबाई. शरयू गेल्यावर मला एवढंच उरलंय."

नोराबाईंचं हसू मावळलं. "माझं थोरल्या सुनेकडे गेलं," त्या म्हणाल्या. "माझ्याच घरात मी आता पाहुणी आहे."

मला दोघांसाठीही वाईट वाटलं. काकांनी पाहुण्यांना देतात तशी खुर्ची त्यांना दिली नाही. सरळ ओट्याशी नेलं आणि हातात डाव दिला.

त्या दुपारी आमटीत दोघांनीही मीठ घातलं. जाईने काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात डेक्लनने वाटी पुढे करून आणखी मागितली.