सहावं कारण

बाबुराव गेल्याचं मला शाळेत कळलं, तिसऱ्या तासाला. शिपाई दारात येऊन म्हणाला, "सर, इतिहासाचे मास्तर गेले." फळ्यावरचं उदाहरण अर्धं होतं. ते पुरं केलं आणि मगच खाली बसलो. आज त्याला पाच आठवडे झाले...

चिंचवडच्या शाळेत आम्ही चौदा वर्षं शेजारी बसलो. मी गणित शिकवायचो, ते इतिहास. युरोपातून निघालेल्या मूठभर लोकांच्या मोहिमा आणि वसाहती परमुलखात का तगल्या, या प्रश्नाला पाठ्यपुस्तकात पाच कारणं होती: जहाजं, तोफा, शिस्त, राजाश्रय आणि व्यापाराची हाव. बाबुराव सहावं सांगत. "किनाऱ्यावरच्या माणसांनी त्यांना जेवू घातलं, पाणी दाखवलं, वाट दाखवली." मी म्हणायचो, "याला आकडा कुठाय?" एकदा ते कुठल्याशा जुन्या ग्रंथातून अमेरिकेत उतरलेल्या वसाहतवाल्यांच्या शिध्याची यादी उतरवून घेऊन आले. मी माणशी हिशेब करून पाहिला. पहिलं पीक हाती यायच्या कितीतरी आधी शिधा संपत होता. "आता बोला, राव," ते म्हणाले. "मधले महिने तोफा खाल्ल्या का त्यांनी?" परीक्षक या कारणाला गुण देत नसत. बाबुराव तरीही सांगत.

पिंपरीच्या बाजूला त्यांची सहा एकर जमीन होती, तिच्यात बारमाही विहीर. कारखान्यासाठी मोजणी करायला सहा माणसं आली, ती उतरली बाबुरावांच्याच ओसरीवर. गावात दुसऱ्या कोणी त्यांना दारात उभं केलं नव्हतं. मी चिडून म्हणालो, "अहो, शिकवता काय आणि करता काय?"

"दारात आलेल्याला उपाशी घालवू?" एवढंच उत्तर. कुठल्या शेतात पाणी तुंबतं, विहिरीला झरा कुठून लागतो, सगळं त्यांनी स्वतः चालत जाऊन दाखवलं.

त्यांना मी बोललो खरा, पण माझंही सांगितलं पाहिजे. मोजणीच्या शेवटच्या संध्याकाळी मी त्या ओसरीवर होतो. नकाशावरच्या एका त्रिकोणी तुकड्याचं क्षेत्रफळ काढताना मोजणीदार निम्मं करायला विसरला होता. त्या चुकीमुळे कारखान्याला हवी तेवढी जमीन विहिरीच्या अलीकडेच पुरी होत होती. ती चूक पुढे कोणाला सापडली असती की नाही, मला ठाऊक नाही. मला दिसली आणि राहवलं नाही. मी पेन्सिल घेऊन ती दुरुस्त केली. दोन एकर कमी पडले. हद्दीची रेघ विहिरीपलीकडे सरकली. बाबुराव समोरच बसले होते. "गणित बरोबर आहे तुमचं," ते म्हणाले...

पुढच्या चार वर्षांत त्यांनी हा विषय काढला नाही. जमीन गेली, तारेचं कुंपण आलं. वर्गात ते पाचच कारणं सांगू लागले. तब्येत खचत गेली, तीही न बोलता.

परवा वहिनींना भेटायला गेलो. बोलता बोलता विचारलं, ती मोजणीची माणसं किती दिवस होती?

"नऊ दिस. दोन्ही येळंला जेवली."

सवयीने तोंडून निघून गेलं, "सहा माणसं, नऊ दिवस, दोन वेळा... एकशे आठ ताटं."

"एकशे आठ? मंग जपच झाला म्हनायचा, भावजी!" वहिनी हसल्या. "द्येव पावला, पर त्यास्नी."

मला पेन्सिलीचं सांगायचं होतं. मी सुरुवात केली, तशा त्या म्हणाल्या, "ठावं हाय मला. ह्यांनी तवाच सांगितलं व्हतं." मी उठायला लागलो.

"उठू नगा. भाकरी टाकते."

भिंतीला टेकवलेला बाबुरावांचा पाट त्यांनी पुसून मांडला. मी त्यावर बसलो. दोन भाकरी खाल्ल्या.