सरकारने न धरलेला गणपती

ठाण्याच्या कोर्टाबाहेर माझं टायपिंगचं टेबल आहे. कोपरहून रोज येते, दिवसभर लोकांचे अर्ज लिहिते आणि त्यातल्या निम्म्यांना ओरडते. तरी येतात बिचारे.

अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी कळव्याची एक मावशी आली. अंगाने एवढीशी, पण आवाज असा की बाजूचा झेरॉक्सवाला दचकला. जुन्या साडीत गुंडाळून आणलेला गणपतीचा पाट तिने माझ्या टेबलावर उलटा ठेवला. खालच्या बाजूला खिळ्याने ओढलेल्या चौदा रेघा.

"पोराला जन्मठेप आहे," ती म्हणाली. "भांडणात त्याच्या हातून माणूस गेला, खोटं कशाला बोलू? विसर्जन झालं न् दुसऱ्या दिवशी नेलेला. दर गणपतीला एक रेघ मारली. आता चौदा वर्षं भरली. लिही माफीचा अर्ज. मला तो गणपतीला घरात पाहिजे."

"मावशी, चौदा भरली म्हणजे लगेच सोडत नाहीत. सोडा म्हणून मागता येतं, एवढंच. पुढे सरकार ठरवणार. मध्ये पॅरोलवर आला होता का?"

"आलेला ना! माझं ऑपरेशन होतं तेव्हा, महिनाभर. नेमका गणपतीत. मोदक काय वळलेले त्याने!"

तिचा चेहरा असा खुलला की मला पुढचं बोलवेना. पण बोलले. "तो महिना धरत नाहीत. आतले दिवसच मोजतात. महिन्याने या."

झालं! मावशी भडकली. "घरी चार घास खाल्ले, ते पण कापायचे?"

"नियम मी केलाय का?"

"मग ही रेघ खोडू? माझा सगळ्यात चांगला गणपती तो!"

"अहो, खोडू नका! नुसतं महिनाभर थांबा."

"तुझं काय जातंय बोलायला," म्हणत ती पाट उचलून गेली. मला दिवसभर चहा गोड लागला नाही.

बरोबर महिन्याने मावशी हजर, पाटासकट. मी अर्ज तीनदा वाचून मगच तिचा अंगठा घेतला. मग कागद फिरत राहिले. चाळीत पोलीस चौकशीला आले, तेव्हा शेजारणींनी पोराचं एवढं कौतुक केलं म्हणे, की हवालदारच म्हणाला, "मग हा आत गेलाच कसा?"

पुढचा गणपती तसाच गेला. तिला फोन करायची माझी हिंमत झाली नाही. त्याच्या पुढच्या वर्षी तिचाच आला. "आरतीला ये गं. सोडला त्याला!"

गेले. मूर्ती यायची होती. केस पांढरे झालेला तो पोरगा मोदक वळत बसला होता. मावशीने पाट उलटा केला आणि जुन्या रेघांपासून लांब, कोपऱ्यात, खिळ्याने दोन नव्या रेघा ओढल्या.

"आई, आता गं कसल्या मोजतेस?"

"घरातल्या. एक सरकारने धरला नाही तो. आणि एक आजचा."

मला रडूच फुटलं. मावशीने पाट सुलटा केला आणि माझ्यावर ओरडली, "रडतेस काय? रांगोळी घाल आधी, मूर्ती येईल!"